सलाफहादाच्या पाच मुली आणि बापाचं वतन

बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकात वंशावळ्यांची कमतरता नाही, पण ती नावं जवळपास सगळी बापांची आणि मुलग्यांची. त्यात महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ही पाच बहिणींची नावं वेगळी उठून दिसतात. बायबलमध्ये ती एकदा नाही, चार वेळा पूर्ण येतात: गणना २६, २७ आणि ३६ या अध्यायांत, आणि पुन्हा यहोशवा १७ मध्ये. त्या कोणाच्या बायका, कोणाच्या आया, हे सांगण्याची मजकुराला घाई नाही. जमीन मागितली म्हणून त्यांची नावं राहिली.

प्रसंग यार्देन नदीच्या अलीकडचा, मवाबाच्या मैदानातला. मोशेबरोबर मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांचा चाळीस वर्षांचा प्रवास संपत आला आहे, समोर यरीहो शहर आहे. वीस वर्षांवरच्या, लढाईस योग्य पुरुषांची दुसरी शिरगणती नुकतीच झाली आहे. आकडा ६,०१,७३०, त्यात सलाफहादाच्या, म्हणजे मनश्शेच्या, वंशाचे ५२,७००. ही गणती लढाईपुरती नव्हती. लगेच पुढे सांगितलं आहे की देशाची वाटणी याच नावांच्या संख्येप्रमाणे होईल. म्हणजे यादीत ज्याचं नाव, त्याच्या घराला वतन. सलाफहाद वाटेतच वारला होता आणि त्याला मुलगा नव्हता. त्याचं घर यादीतून गळणार, हे त्या मुलींना गणती ऐकतानाच कळलं असणार.

मग त्या गेल्या. कुठे गेल्या ते नीट वाचण्यासारखं आहे. दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर. खाजगीत एखाद्या काकाला गाठून विनवणी केली नाही, मोशेच्या बायकोकडून शब्द टाकून घेतला नाही. चारचौघांत उभ्या राहिल्या आणि मुद्देसूद बोलल्या. आमचा बाप रानात मेला. कोरहाच्या बंडातल्या टोळीत तो नव्हता, स्वतःच्या पापाने मेला. त्याला मुलगा नाही. मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं? आम्हाला बापाच्या भावांबरोबर वतन द्या.

कोरहाचा उल्लेख उगाच नाही. मोशेविरुद्ध बंड करणाऱ्यांचं वतन बुडालं असं कोणी म्हणू शकलं असतं, तो रस्ता त्यांनी आधीच बंद केला. वकिलाने करावी तशी ही मांडणी आहे. आणि मागणीचा पाया त्यांनी बापाच्या नावावर ठेवला, स्वतःच्या गरजेवर नाही. काही वाचकांना हे खटकतं: आम्ही माणसं आहोत, आम्हालाही हक्क आहे, असं त्या का म्हणत नाहीत? मला वाटतं, समोर बसलेल्या पुरुषांना जी भाषा कळत होती तीच त्यांनी वापरली, आणि त्या भाषेतूनच दार उघडलं.

मोशेने निवाडा दिला नाही. त्याच्याकडे उत्तरच नव्हतं, आणि ते त्याने लपवलं नाही. त्यांचं प्रकरण परमेश्वरापुढे नेलं. इथे हिब्रू हस्तलिखितांत एक बारीक गोष्ट आहे. ‘त्यांचं प्रकरण’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्याच्या शेवटचं ‘नून’ हे अक्षर तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळ्यांत परंपरेने मोठं लिहितात. ते अक्षर स्त्रीलिंगी बहुवचन दाखवतं: त्या बायकांचं प्रकरण. लिहिणाऱ्याने प्रत्येक पिढीत त्या जागी बोरू थांबवला, अक्षर मोठं काढलं आणि पुढे गेला.

उत्तर आलं ते स्वच्छ होतं. सलाफहादाच्या मुलींचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना वतन दे. आणि त्यांच्यापुरतं थांबलं नाही, नियम झाला: मुलगा नसेल तर मुलीला, मुलगीही नसेल तर भावांना, मग चुलत्यांना, मग जवळच्या नातलगाला. सीनायपाशी दिलेल्या नियमशास्त्रात ही तरतूद नव्हती. कोणी येऊन विचारल्यावर ती आली. यहुदी भाष्यकार राशी म्हणतो की मोशेच्या डोळ्यांना जे दिसलं नाही ते या मुलींच्या डोळ्यांनी पाहिलं. तालमुद या यहुदी धर्मगुरूंच्या चर्चाग्रंथातही त्यांना शहाण्या, शास्त्र उलगडणाऱ्या आणि नीतिमान म्हटलं आहे.

पण या नियमाची हद्दही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण त्याला हवं ते बोलायला लावू. भाऊ असलेल्या मुलीला यातून काहीच मिळत नाही. आणि आसपासच्या जगात ही कल्पना अगदी नवखी नव्हती. याच्या कितीतरी शतकं आधी, मेसोपोटेमियातल्या लगाशचा राजा गुदेआ याच्या पुतळ्यावरच्या लेखात, मुलगा नसलेल्या घरात मुलीला वारस केल्याची नोंद आहे. तेव्हा नवेपणा नियमात फारसा नाही. तो या गोष्टीत आहे की देवाचा शब्द ऐकत बसलेल्या सगळ्या मंडळीला पाच तरुण बायकांनी सांगितलं, इथे काहीतरी राहून गेलं आहे. आणि देवाने त्यांचीच बाजू घेतली.

मजकूर इथे संपला असता तर बरं झालं असतं. तो संपत नाही. गणना ३६ मध्ये सलाफहादाच्याच गिलाद कुळातले वडीलधारे मोशेकडे येतात. त्यांचं म्हणणं असं की या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीनही तिकडे जाईल आणि योबेल वर्षी, म्हणजे विकलेल्या जमिनी मूळ घराकडे परत येण्याच्या पन्नासाव्या वर्षीसुद्धा, परत येणार नाही. त्यांचंही म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि ठरतं की मुलींनी मनाला येईल त्याच्याशी लग्न करावं, मात्र बापाच्याच वंशातल्या माणसाशी. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. जमीन मुलींच्या नावावर राहिली आणि फिरून काकांच्या घरातही राहिली. यहुदी परंपरेत पुढे म्हटलं गेलं की ही अट त्या एका पिढीपुरती होती. अव महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा आनंद मानतात त्याचं एक कारण हेच सांगतात की त्या दिवशी वंशावंशांतली लग्नं मोकळी झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या उपदेशांत हमखास सुटते. निवाडा झाला, मोशे वारला, यार्देन ओलांडली, देश हाती आला, वाटणी सुरू झाली, आणि पाच बहिणींना पुन्हा उठून जावं लागलं. यहोशवा १७ मध्ये त्या एलाजार याजक, मोशेच्या जागी आलेला यहोशवा आणि सरदार यांच्यापुढे उभ्या राहून आठवण करून देतात: आमच्या भाऊबंदांबरोबर आम्हाला वतन द्यावं, अशी परमेश्वराने मोशेला आज्ञा केली होती. एलाजार तर पहिल्या वेळीही हजर होता. तरीही मागावं लागलं. हुकूम मिळणं आणि ताबा मिळणं यांत एवढं अंतर होतं, प्रत्यक्ष देवाच्या हुकमातसुद्धा.

ताबा मिळाला याचा पुरावा मात्र जमिनीतून निघाला. १९१० साली शोमरोन, म्हणजे सामरिया, इथे हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात मडक्यांच्या खापऱ्या सापडल्या. त्यांवर शाईने हिशेब लिहिलेले होते: कुठल्या गावाहून किती जुना द्राक्षारस आला, किती तेल आलं. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली ही राजवाड्याची पावतीवही म्हणा. त्यांत मनश्शेच्या कुळांची नावं प्रदेशांची नावं म्हणून येतात: अबीएजर, हेलेक, अस्रीएल, शखेम, शमीदा. सलाफहादाचा बाप हेफेर याचं नाव त्यांत नाही. नोआ आणि होग्ला आहेत. तिरसा हे तर ओम्री राजाने शोमरोन वसवण्याआधी उत्तरेच्या राज्याच्या राजधानीचं नाव होतं. बापाचं नाव जाऊ नये म्हणून ज्या बोलल्या, त्यांचीच नावं शेतांना आणि गावांना लागली.

बायबलमध्ये या एकट्या नाहीत. कालेबाची मुलगी अखसा गाढवावरून उतरते आणि बापाला म्हणते, कोरडी जमीन दिलीस, आता पाण्याचे झरेही दे. आणि तिला वरचे आणि खालचे दोन्ही झरे मिळतात. शूनेम गावची एक बाई सात वर्षांच्या दुष्काळानंतर परत येते आणि घर-शेतासाठी थेट राजाकडे दाद मागते. राजा जमीन तर देववतोच, ती गेली त्या दिवसापासूनचं उत्पन्नही देववतो. ईयोबाने आपल्या तीन मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन दिलं. तिथे भाऊ हयात आहेत, म्हणजे ही गणनेतल्या नियमाच्या पुढची पायरी आहे.

नव्या करारात ‘वारस’ हा शब्द ख्रिस्ती माणसाची ओळखच होतो. ख्रिस्तात पुरुष व स्त्री असा भेद नाही, असं गलतीकरांना लिहून पौल लगेच पुढच्या वचनात म्हणतो, तुम्ही अभिवचनाप्रमाणे वारस आहात. पेत्र नवऱ्यांना सांगतो की बायका जीवनरूपी कृपादानाच्या तुमच्याबरोबरच्या वारस आहेत. पाळकलोक हे स्वर्गीय वतनापुरतं ठेवतात. आणि जमिनीचा विषय निघाला की लूक १२ काढतात: माझ्या भावाला वाटणी करायला सांगा, असं म्हणणाऱ्याला येशूने, मला वाटणी करणारा कोणी नेमलं, असं विचारलं. हे वचन मी फक्त बहिणींना ऐकवलेलं पाहिलं आहे. त्याच्या लगेच खाली जो दाखला आहे तो धान्य ठेवायला जागा पुरत नाही म्हणून मोठी कोठारं बांधणाऱ्याचा आहे, म्हणजे जमीन ज्याच्या हातात आहे त्याचा.

भारतात या प्रश्नाने चर्चला उघड गाठलं ते केरळात. १९१६ च्या त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या वाट्याच्या चौथाई किंवा ५,००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढा होता. विधवेचा हक्क तिच्या हयातीपुरता, आणि पुन्हा लग्न केलं तर तोही संपायचा. कोट्टयमच्या सिरियन ख्रिस्ती शिक्षिका मेरी रॉय यांनी याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. २४ फेब्रुवारी १९८६ ला निकाल लागला: १९५१ च्या केंद्रीय कायद्याने त्रावणकोरचा कायदा केव्हाच रद्द झाला आहे, आणि तेव्हापासून तिथल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. त्या कायद्यात मुलगा-मुलगी समान. समाजात गहजब झाला. मुलींना वगळून मृत्युपत्रं करून ठेवा, असे सल्ले दिले गेले. मेरी रॉय यांना स्वतःचा वाटा प्रत्यक्ष मिळवायला पुढे कित्येक वर्षं कोर्टात घालवावी लागली. यहोशवा १७ वाचताना मला दर वेळी त्या आठवतात. १ सप्टेंबर २०२२ ला त्या वारल्या.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलींना हा लढा द्यावा लागला नाही, कारण कायदा आधीपासून त्यांच्या बाजूने आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलामुलींत सारखं. त्रुटी त्यातही आहेत: मूलबाळ नसलेला मुलगा वारला आणि बाप हयात असेल, तर आईला त्यात वाटा नाही. २०१४ साली विधी आयोगाने आपल्या २४७ व्या अहवालात हे बदलायची शिफारस केली. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो, मृत्युपत्रानेही मुलीला पूर्ण डावलता येत नाही. आपल्याकडे तसं संरक्षण नाही, पण मृत्युपत्राची गरजही सहसा पडत नाही. हक्कसोडपत्र पुरतं.

माझ्या आत्याने ते केलं तेव्हा मी तिच्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होतो. चष्मा घरी राहिला होता. मी म्हटलं, आत्या, मी वाचून दाखवतो. ती म्हणाली, “काय वाचायचंय त्यात? भावालाच तर देतेय, परक्याला का? उद्या माहेरी यायला तोंड तर राहील.” अंगठा यंत्रावर नीट उठेना, बोटांच्या रेषा झिजलेल्या, कारकुनाने तीनदा पुसायला लावला. संध्याकाळी काकांनी तिला साडी घेतली. पुढे सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस पडला. कोणीही तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. तिने उभ्या आयुष्यात मंडळीत सलाफहादाच्या मुलींवर एकही उपदेश ऐकलेला नव्हता, एवढं मात्र खरं.

खरं तर हा मजकूर मराठीत आणणाऱ्यांत एक बाई होत्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं. १९२४ साली, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, ते पूर्ण बाहेर आलं. मुलींचं म्हणणं बरोबर आहे हे वाक्य खिळ्याला खिळा लावून जुळवणारी तिथली मुलगी कोण असेल, असं मनात येतं. बापाच्या घरातून काहीही न मिळालेल्याच मुली तिथे बहुतेक होत्या.

आत्याला दोन मुली आहेत, मुलगा नाही. तिचे यजमान गेल्या वर्षी गेले, आणि तेराव्याच महिन्यात दिराने विचारलं की शेत आता पुतण्यांच्या नावावर करायचं ना. थोरल्या मुलीने मला फोन केला, दादा, तलाठ्याकडे येशील का. आम्ही गेलो. अर्ज तिने स्वतःच्या अक्षरात लिहिला, वारसांच्या रकान्यात आधी आईचं नाव, मग तिचं, मग धाकटीचं. शेजारी बसलेल्या आत्याने या वेळी चष्मा आणला होता. तिने कागद हातात घेतला आणि तिन्ही नावं मोठ्याने वाचली.