सूर्याच्या कडेवरची डोलणारी तुसं

सूर्याच्या दीप्तिगोलावर, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या पृष्ठभागावर, जेमतेम दोन-तीन हजार किलोमीटर जाडीचा वर्णगोल नावाचा वायूचा थर आहे. एके काळी तो फक्त खग्रास ग्रहणात दिसायचा, तोही काही सेकंद, लालसर कड म्हणून. तेवढ्यात एखादी गोष्ट हलते की नाही हे कळणार कसं?

ही अडचण दूर झाली १८६८ मध्ये. १८ ऑगस्टच्या ग्रहणासाठी गुंटूरला आलेल्या ज्यूल जान्सेन यांना दुसऱ्या दिवशी भर उन्हात, वर्णपटदर्शकातून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून) सौरज्वाळा दिसल्या. ऑक्टोबरात नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून स्वतंत्रपणे तेच साधलं. (विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे लॉकयर यांच्या निरीक्षणाचे ओटे, सर्रास १८६८ शी जोडले जातात, पण लॉकयर तिथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.) १८७७ मध्ये रोमच्या अँजेलो सेक्की यांनी सूर्याच्या कडेवर उभ्या राहणाऱ्या बारीक ज्वाळांचं वर्णन केलं. ‘स्पिक्यूल’ हे या ज्वाळांचं नाव मात्र १९४५ मधलं, वॉल्टर ऑर रॉबर्ट्स यांनी दिलेलं. गव्हाच्या ओंबीवरच्या तुसांसारख्या दिसणाऱ्या या वायूच्या धारा काहीशे किलोमीटर रुंद आणि पाच ते दहा हजार किलोमीटर उंच असतात, आणि पाच-दहा मिनिटांत विरून जातात.

त्यांच्या हालचालीकडे लक्ष वळलं ते उष्णतेच्या कोड्यामुळे. करोनाचं, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ आवरणाचं, तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, खालच्या दीप्तिगोलापेक्षा कितीतरी जास्त, हे १९४० च्या दशकात पक्कं झालं. मग ही उष्णता खालून वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुरवत असतील, असं लुडविग बिअरमान आणि मार्टिन श्वार्त्सशिल्ड यांनी मांडलं. १९६० मध्ये रॉबर्ट लेटन यांना माउंट विल्सनवर दीप्तिगोलाची पाच मिनिटांची आंदोलनं सापडली. वर्णगोलात मात्र बऱ्याच ठिकाणी तीन मिनिटांचा ताल दिसतो. सुमारे २०० सेकंदांपेक्षा लांब आवर्तनकाळाच्या लहरी मधल्या थंड थरातून सहसा परत फिरतात, हे त्याचं कारण. चुंबकक्षेत्र तिरकं असेल तिथे ही अट सैल होते. पाच मिनिटांच्या लहरी अशा वाटेने वर निसटून स्पिक्यूल उसळवतात, असं बार्ट द पाँट्यू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं.

पुढच्याच वर्षी फॉसम आणि कार्लसन यांनी ट्रेस उपग्रहाच्या निरीक्षणांवरून हिशेब मांडला: कमी आवर्तनकाळाच्या ध्वनिलहरींची ऊर्जा वर्णगोलाला पुरत नाही. ट्रेसची नजर पुरेशी बारीक नव्हती हा आक्षेप रास्तच होता, तरी भर चुंबकीय लहरींवर, म्हणजे चुंबकरेषांवरून धावणाऱ्या लहरींवर, गेला. अशा ‘आल्फव्हेन लहरीं’चं गणित हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्येच मांडलेलं होतं. पुरावाही काही प्रमाणात पडून होता: जॉर्जियातल्या अबास्तुमानी वेधशाळेने १९८१ मध्ये टिपलेल्या वर्णपटांत स्पिक्यूल ३५ ते ७० सेकंदांत आडवे डोलत असल्याचं २००६ मध्ये, पंचवीस वर्षांनी, उलगडलं.

२००७ मध्ये जपानच्या हिनोडे उपग्रहाने हे डोलणं थेट चित्रांत दाखवलं. वेग सेकंदाला १० ते २५ किलोमीटर, आवर्तनकाळ १०० ते ५०० सेकंद. या आल्फव्हेन लहरी असल्याचा दावा झाला आणि लगेच वादही पेटला. कारण अख्खा स्पिक्यूल दोरीसारखा वाकत असेल तर ती ‘किंक’ लहर, आणि ती किती ऊर्जा वाहते याचा हिशेबही वेगळा.

पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानासाठी घडवलेली ‘सूट’ दुर्बीण वर्णगोल अतिनील प्रकाशात पाहते, पण तिच्या एका पिक्सेलमध्ये सूर्यावरचे सुमारे ५०० किलोमीटर मावतात. सुटा स्पिक्यूल न्याहाळायचं काम हवाईतल्या चार मीटरच्या इनोये दुर्बिणीसारख्या मोठ्या उपकरणांकडेच आहे.