एसटीचा ब्रेक आणि मुरलेला प्रेक्षक

महाबळेश्वरच्या धुक्यात उतरलेला माणूस एकदा तरी म्हणतोच, ‘इथं भुताचा सिनेमा काढायला पाहिजे.’ तो कधीच काढून झालाय. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) इथंच चित्रित झाला. सात भाऊ. दिग्दर्शन तुलसी-श्यामकडे, कॅमेरा गंगूकडे, ध्वनी किरणकडे. या वाटेला ते लागले ते एका पडलेल्या सिनेमामुळे. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) आपटला, पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोकांची गाळण उडायची. मग पुढं मुखवटेच आले. ‘पुराना मंदिर’ (१९८४) धो धो चालला. आज तो लावला तर मुरलेला प्रेक्षक हसतो. त्याला मेकअप दिसतो, भूत नाही.

मुखवटा न दाखवता घाबरवायची युक्ती ‘दो गज’च्या आधी तीस वर्षं सापडली होती, तीही पैशांच्या चणचणीतून. निर्माता वाल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) एक बाई रात्री बागेच्या भिंतीकडेनं एकटी चाललेली असते. मागं दुसऱ्या टाचांचा आवाज. टक टक टक. मग मागचा आवाज थांबतो. ती वळून बघते, कुणी नाही. चाल वाढते. आणि एकदम फिस्कारल्यासारखा आवाज होतो: समोर बस येऊन थांबलेली. रात्री सातारा स्टँडवर पेंगत असताना एसटीच्या ब्रेकची ‘फुस्स’ कानात शिरली असेल, तर जास्त सांगायला नको. अशा दचकवणीला सिनेमावाले आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

पण तीही जुनी झाली. शांतता जरा लांबली की मुरलेला गडी मनात आकडे मोजायला लागतो, आणि बस आली की उलट सुटल्यासारखं वाटतं. माझ्या मते खरी भीती त्या बसच्या अलीकडं आहे, मागच्या टाचा थांबतात तिथं.

जपानी ‘रिंगू’नं (१९९८) नेमकी तीच जागा पकडली. त्यातलं भूत, सादाको, झालेल्या नटीला उलटं चालायला लावलं आणि फिल्म मागून पुढं फिरवली. बाई पुढंच येते, पाय जमिनीवरच पडतात, तरी त्या चालण्यात काहीतरी चुकतंय. काय ते डोळ्याला सापडत नाही. आकडे मोजावेत, तर इथं बस येतच नाही.