गोल टोकांच्या जाड अक्षरांची पार्श्वभूमी

जाड अंगाची, गोल टोकांची, वर्तुळ आणि सरळ रेषेवर बेतलेली अक्षरे आज आपल्याला प्रेमळ वाटतात. ॲपची बटणे, खेळण्यांची खोकी, नव्या कंपन्यांची बोधचिन्हे यांवर ती सर्रास दिसतात. पण ही गोलाई मुळात लाघवी दिसण्यासाठी आलेली नाही. ती हत्याराने मागे ठेवलेली खूण होती.

धातूच्या पट्टीवर अक्षर कोरणारे कटर गरागरा फिरते. त्याने काढलेली रेघ जिथे सुरू होते आणि जिथे संपते, तिथे अर्धवर्तुळ उरते. आतला काटकोनी कोपरा त्याला कोरताच येत नाही. नळीसारख्या निबाच्या ड्रॉइंग पेनाचेही तेच. स्टेन्सिलच्या खाचेतून ते फिरवले की रेघेची दोन्ही टोके आपोआप गोल येतात. यंत्रांच्या नामपट्ट्या, नकाशे, अभियांत्रिकी आराखडे अनेक दशके अशाच अक्षरांनी भरलेले होते, आणि ती सुंदर आहेत की नाहीत हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. ती वाचता येत होती, आणि कोणाच्याही हातून सारखीच उमटत होती.

दुसरा धागा भूमितीचा. शेपट्या नसलेला, म्हणजे सॅन्स सेरिफ छपाईचा टाइप (एका घडणीचा अक्षरसंच) लंडनच्या विल्यम कॅसलन चौथा याने १८१६ च्या सुमारास नमुन्यात दाखवला. त्यात फक्त मोठी अक्षरे होती. त्याला कंपास आणि पट्टीची शिस्त लावली ती १९२० च्या दशकातल्या जर्मनीने. हर्बर्ट बायर या डिझायनरने १९२५ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत ‘युनिव्हर्सल’ वर्णमाला मांडली. तिच्यात मोठी अक्षरे मुळीच नव्हती. दोन वर्षांनी पॉल रेनरचा ‘फुतुरा’ हा टाइप फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीतून, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यातून, बाहेर पडला. रेनरच्या सुरुवातीच्या आराखड्यांत लहान ‘आर’ म्हणजे एक उभी दांडी आणि शेजारी एक टिंब, इतकेच होते. पुढे रोजच्या वापरासाठी त्याने सौम्य रूप स्वीकारले. माझ्या मते फुतुरा टिकला तो या माघारीमुळेच.

भूमितीची खरी परीक्षा जाड वजनात, म्हणजे जाड रेघेच्या अक्षरांत होते. बारीक रेघेचे वर्तुळ कंपासने काढले तरी खपून जाते. रेघ जाडावली की डोळा फसवू लागतो. आडवी रेघ उभीइतकीच जाड ठेवली तर ती जास्त जाड दिसते, म्हणून ती किंचित उतरवावी लागते. वाटोळा ‘ओ’ सपाट ‘एच’च्या उंचीला नेमका बसवला तर खुजा वाटतो, म्हणून तो वरखाली थोडा बाहेर काढतात. कमान दांडीला मिळते तिथे काळेपणा साचतो, तेव्हा सांध्यात रेघ निमुळती करणे भाग पडते. ‘ए’, ‘ई’ आणि ‘एस’ यांच्या पोटातली मोकळी जागा तर जवळजवळ नाहीशी होते. त्यात टोके गोल केली की आणखी एक अडचण उभी राहते: गोल टोक चौकोनी टोकापेक्षा आखूड भासते, त्यामुळे दांडी जरा लांबवावी लागते. थोडक्यात, जे अक्षर सर्वांत ‘भौमितिक’ दिसते त्यात भूमितीशी सर्वांत जास्त तडजोड केलेली असते. अक्षरकाराचे कसब मला तिथेच दिसते.

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांना ठोकळ्याची मर्यादा होती, अक्षरे त्याहून जवळ आणता येत नसत. फोटोवर आधारलेली अक्षरजुळणी आली आणि अक्षरे एकमेकांना चिकटवून बसवता येऊ लागली. लेट्रासेटच्या घासून उमटवायच्या कागदांनी मोठी शीर्षके कोणाच्याही टेबलावर आणली. १९७० च्या दशकात गुबगुबीत अक्षरांचे पेव फुटले. लेट्रासेटच्या ‘फ्रँकफर्टर’चे नाव एका सॉसेजचे आहे, आणि त्याच्या रेघाही तशाच दिसतात. बायरच्या कल्पनेवरून १९७५ मध्ये ‘आयटीसी बाउहाउस’ आला. सरळ टोकांच्या ‘हेल्वेटिका’ या प्रसिद्ध टाइपलाही याच दशकात गोल टोकांची आवृत्ती मिळाली.

‘व्हॅग राउंडेड’ मात्र जाहिरातीच्या हौसेतून आलेला नव्हता. फोक्सवॅगन आणि ऑडी यांच्या विक्रेत्यांना एका नावाखाली एकच चेहरा हवा होता. १९७९ मध्ये ‘सेडली प्लेस’ या डिझाइन संस्थेने त्यांच्यासाठी हा टाइप घडवला. कंपनीने पुढे तो सोडला, पण तोवर अडोबीच्या फॉन्टसंग्रहातून तो जगभर पोहोचला होता. मग ॲपलने त्याला कीबोर्डवर बसवले. २०१५ च्या मॅकबुकवर ॲपलचा स्वतःचा ‘सॅन फ्रान्सिस्को’ हा टाइप येईपर्यंत असंख्य लोकांच्या बोटांखाली तो रोज होता, बहुतेकांना त्याचे नावही न कळता. बटणावरचे एकटे अक्षर झटकन ओळखू यावे लागते, त्याला शेजाऱ्याचा आधार नसतो. अशा कामाला ही सरळसाधी गोलाई फार शोभते.

पडद्याने या घराण्याला नवे आयुष्य दिले. ‘क्विकसँड’, ‘व्हरेला राउंड’, ‘फ्रेडोका’ असे मुक्त परवान्याचे फॉन्ट आले आणि छोट्या संघांनाही ही वळणे फुकट मिळाली. त्यांतला ‘नुनितो’ मला विशेष वाटतो. हेल्वेटिका किंवा गॉथम यांच्या बाबतीत आधी सरळ टोकांचा टाइप होता आणि गोल आवृत्ती मागाहून निघाली. व्हर्नन ॲडम्सचा नुनितो जन्मला तोच गोल टोकांनी. जाक ल बायी याने नंतर त्याचा विस्तार केला, आणि टोके छाटलेला ‘नुनितो सॅन्स’ त्याच्यातून पुढे निघाला.