घरपट्टीच्या बिलात नसलेली ओळ

मुंबईतले घरपट्टीचे बिल उघडले की सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशी रांग दिसते. झाडांसाठी ओळ आहे, पुस्तकांसाठी नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वाचनालयांचा विषय निघाला, की बोलणे ॲप, ई-पुस्तके आणि वातानुकूलित अभ्यासिकांवर जाते. ते करायला हरकत नाही. पण ही ओळ बिलात का आली नाही, हे पाहायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबई सरकारने १८०८ मध्ये ग्रंथालयांची नोंदणी करून त्यांना सरकारी खर्चाने छापलेली पुस्तके फुकट देण्याचा विचार मांडला. ग्रंथालय लोकांनी काढावे, सरकारने त्याला हातभार लावावा, ही वाटणी तेव्हापासूनची. पुढे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ नावाची वाचनालये निघाली ती याच धर्तीवर. रत्नागिरीची १८२८ ची. आजचे जिल्हा नगर वाचनालय ते हेच, आणि राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. मुंबईतली १८०४ ची लिटररी सोसायटी, म्हणजे आजची एशियाटिक, साहेबांची होती. तिथे पहिला भारतीय सभासद १८४० मध्ये आला. बाकीच्यांनी आपापली सोय केली: १८४५ मध्ये पीपल्स फ्री रीडिंग रूम, १८४७ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे डेव्हिड ससून ग्रंथालय.

कोकणातल्या गावांनीही वाट पाहिली नाही. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे आणि कल्याणचे वाचनालय १८६४ चे. साचा बहुतेक सगळीकडे एकच: कुणा दात्याची जागा, वकील-मास्तर-अंमलदारांचे कार्यकारी मंडळ, सभासदांची वर्गणी आणि संध्याकाळची देवघेव. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय काढले ते वेगळ्या कारणाने. तेव्हाच्या वाचनालयांत इंग्रजी पुस्तकांचा वरचष्मा होता आणि मराठी ग्रंथ एके ठिकाणी जमवणारे कुणी नव्हते. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि त्याच्या शाखा शहरभर पसरल्या.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. वाचनालय जिथे वर्गणीदार राहत होता तिथे निघाले. म्हणून जुन्या ठाण्यात, गिरगावात, दादरला वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर सापडते. वस्ती पुढे विरार, दिवा, खारघरकडे सरकली, दात्यांची जागा मात्र सरकत नाही.

महापालिका या चित्रात कुठे होती? मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात कर्तव्यांचे दोन भाग आहेत. पाणी, गटारे, रस्ते, प्राथमिक शिक्षण ही कलम ६१ खालची बंधनकारक कामे. ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये कलम ६३ मध्ये, म्हणजे केली तर केली. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई ज्या १९४९ च्या कायद्याखाली येतात, त्यातही विभागणी तीच, फक्त ऐच्छिक कामांचे कलम ६६. (१९४९ च्या कायद्यात ६३ हे कलम बंधनकारक कामांचे आहे. दोन्ही कायदे समोर ठेवून टिपण लिहिणारे इथे हटकून घसरतात.) अंदाजपत्रकात ओढाताण झाली की कात्री आधी ऐच्छिक कामांवर चालते. अधिकाऱ्याला वाचनाचे वावडे असते असे नाही. कलम ६१ मधले काम अडले तर त्याला जाब द्यावा लागतो, ६३ मधले अडले तर कुणी विचारत नाही.

ही विस्कळीत घडी बसवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फैजी समितीचा. सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली १९३९ मध्ये ती नेमली गेली आणि तिने मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका, पेटा (तालुक्याहून लहान महसुली विभाग) आणि गाव अशी उतरंड सुचवली. आराखडा चांगला होता. मध्ये युद्ध आले, आणि अंमल सुरू झाला तेव्हा नव्या इमारती उभारण्याऐवजी चालू संस्थांनाच तो तो दर्जा देण्यात आला. मध्यवर्ती ग्रंथालयाची जबाबदारीही एशियाटिककडे, तिच्या टाउन हॉलमधल्या जागेतच. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी प्रत पाठवण्याच्या यादीत या ग्रंथालयाचे नाव आले. काम वाढले, जागा तीच राहिली.

इतर राज्यांनी वेगळी वाट धरली. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रासचा कायदा झाला आणि घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आला. कर्नाटकाने १९६५ मध्ये उपकर तर लावलाच, शिवाय शहरांसाठी स्वतंत्र ग्रंथालय प्राधिकरणे नेमली. म्हणजे बंगळुरूत एखाद्या नव्या उपनगरात शाखा हवी असेल, तर मागणी कुणाकडे करायची हे ठरलेले आहे. गोव्याने १९९३ मध्ये दारूवरच्या अधिभारातून पैसा काढला. विनोदी वाटेल, पण पैशाचा झरा ठरलेला आहे. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच कायदा केला होता, तरी महाराष्ट्राचा कायदा १९६७ साली आला आणि मे १९६८ पासून लागू झाला. त्यात उपकर नाही. सरकारने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान २५ लाख रुपये घालावेत एवढी तरतूद आहे. बाकी सारे सहायक अनुदान, म्हणजे १८०८ चीच कल्पना नियमावलीत बसवलेली.

अनुदानाची नियमावली १९७० ची. ग्रंथ, सभासद, वृत्तपत्रे आणि नियतकालिके यांच्या संख्येवरून वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्याला जिल्हा, तालुका किंवा ‘इतर’ अशी पायरी जोडली जाते. मोठ्या शहराचे गणित या पायरीपाशी फसते. पायरी लोकसंख्येवर नाही, महसुली नकाशावर ठरते. सिंधुदुर्गात ८ तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेआठ लाख लोक. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे ३ तालुके आणि साडेत्र्याण्णव लाख लोक. सिंधुदुर्गात तालुक्याच्या पायरीवर आठ वाचनालये बसतात, उपनगरात तीन. उरलेली सगळी ‘इतर’. २०१२ च्या दरांनी तालुका ‘अ’ला वर्षाला ३,८४,००० रुपये आणि इतर ‘अ’ला २,८८,००० रुपये होते. पुस्तके तेवढीच, वाचक कितीतरी जास्त, जागेचे भाडे तर विचारूच नये, आणि अनुदान कमी. सिंधुदुर्गाला जास्त मिळते अशी ही तक्रार नाही, तिथेही पुरत नाही. खेड्यांसाठी आखलेली फूटपट्टी महानगराला लावली की असे होते, एवढेच.

पगाराचा हिशेबही इथेच पाहावा. अनुदानातला निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा वेतनेतर खर्चावर जातो. ‘ड’ वर्गाला २०१२ च्या दराने वर्षाला ३०,००० रुपये होते. त्यातले १५,००० वेतनाचे, म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला १,२५० रुपये. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली आणि हा आकडा महिना २,००० वर आला. एवढ्या पैशात प्रशिक्षित माणूस मिळत नाही. दुपारी दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी दोन-तीन तास येणारा मिळतो. दाखल नोंदवही अर्धवट राहते, हरवलेल्या पुस्तकांची वजावट होत नाही, आणि पुढे संगणकीकरणासाठी मंजुरी आली की बारकोड चिकटवायला कपाटातले पुस्तक आणि वहीतला क्रमांक जुळत नाहीत. आधी पूर्ण ग्रंथमोजणी, मग बाद करायच्या पुस्तकांची यादी आणि तिला मंडळाची मंजुरी, मग नोंदी, आणि शेवटी बारकोड, हा क्रम मोडला की ई-ग्रंथालय असो वा कोहा, कुठलीही प्रणाली जुना घोळ फक्त जलद दाखवते.

आता पुस्तकांची संख्या. ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची शिफारस माणशी दीड ते अडीच पुस्तकांची आहे. मुंबईच्या २०११ च्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येला दीडने गुणले तर १ कोटी ८६ लाख पुस्तके होतात. हा आकडा गाठायचा नसतो, त्यावरून जागेचा अंदाज बांधायचा असतो. पण जागा म्हणजे नुसते चौरस फूट नव्हेत. तीन फूट रुंद, सहा कप्प्यांचे कपाट गच्च भरले तर पुस्तकांचेच वजन सव्वाशे-दीडशे किलो होते, आणि दोन्ही बाजूंनी भरायचे असेल तर त्याच्या दुप्पट. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भारासाठी धरतात, ग्रंथभांडाराची सुमारे ६०० किलोसाठी, आणि कपाटे २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर आणखी जास्त. विकास आराखड्यातील आरक्षणातून टॉवरच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर महापालिकेला मिळालेला हॉल बहुधा या भारासाठी काढलेला नसतो. मग कपाटे भिंतीकडेने एका रांगेत लागतात, मध्ये टेबलखुर्च्या येतात, आणि वाचनालयाची अभ्यासिका होते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ती हवीच आहे. पण दोन्हींसाठी एकच हॉल धरला की दरवेळी पुस्तकेच मागे सरतात.

तळमजल्याचे काय, तर कोकणपट्टीत त्याचे उत्तर पाणी देते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरातली हजारो पुस्तके गेली. भिजलेले पुस्तक फुगते आणि कप्प्यात इतके घट्ट बसते की ओढले तर पुठ्ठा हातात येतो. म्हणून आधी कप्प्याची बाजूची पट्टी खोलावी, मग पुस्तक काढावे. ४८ तासांच्या आत वाळवण सुरू झाले नाही तर बुरशी धरते. पाने पंख्यासारखी उघडून मध्ये कोरा न्यूजप्रिंट घालायचा आणि तो दर काही तासांनी बदलायचा. छापील वर्तमानपत्र घातले तर शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पाने एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत, म्हणून चित्रांची पुस्तके सर्वांत आधी हाताळावीत. आणि उन्हात ठेवू नयेत, कागद आखडतो.

पूर नसलेल्या वर्षीही पावसाळा आहेच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की बुरशी आणि कसर दोन्ही फोफावतात, आणि खाऱ्या हवेने लोखंडी कपाटांना खालच्या कप्प्यापासून गंज चढतो. कपाट भिंतीपासून सहा इंच पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच वर, आणि दुर्मिळ ग्रंथ दुसऱ्या मजल्याच्या खाली कधीच नाहीत, एवढे नकाशातच लिहिलेले असावे. वातानुकूलन बसवून रात्री बंद ठेवण्यापेक्षा चोवीस तास हलता वारा बरा. यंत्र बंद झाले की थंड झालेल्या पुस्तकांवर दमट हवेतले पाणी धरते.

म्हणून नव्या शाखेची फाइल आली की तिच्यातले आधी तीन कागद पाहावेत: हॉलच्या जमिनीचा भार किती धरला आहे याचे संरचना अभियंत्याचे पत्र, २००५ ला त्या जागी पाणी कुठवर आले होते त्याची नोंद, आणि ग्रंथपालाचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून निघणार याचा ठराव. पहिले दोन मागितले की आठवड्याभरात मिळतात.