टेक्नेशियम

ज्यांचा एकही समस्थानिक स्थिर नाही अशा मूलद्रव्यांत टेक्नेशियम (अणुक्रमांक ४३) सर्वांत हलके. आवर्त सारणीत त्याच्या दोन्ही बाजूंना मॉलिब्डेनम आणि रुथेनियम हे नेहमीचे, टिकाऊ धातू आहेत. मधलाच नेमका का टिकत नाही, याचे उत्तर त्या शेजाऱ्यांतच आहे.

द्रव्यमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) सारखा असलेली, पण अणुक्रमांकात एकाचा फरक असलेली दोन अणुकेंद्रे एकाच वेळी स्थिर असू शकत नाहीत, असा नियम योसेफ मात्ताउख यांनी १९३४ मध्ये मांडला. टेक्नेशियमला सोयीच्या ९४ ते १०२ या द्रव्यमानांकांपैकी प्रत्येकावर मॉलिब्डेनमचा नाहीतर रुथेनियमचा टिकाऊ समस्थानिक आधीच बसलेला आहे. ९५ आणि ९७ मॉलिब्डेनमने घेतले, ९९ आणि १०१ रुथेनियमने. सम द्रव्यमानांकावर तर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही विषम उरतात, आणि अशी रचना मुळातच सैल असते. सर्वांत चिवट असलेल्या ९७ आणि ९८ या समस्थानिकांचे अर्धायुष्यही (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ४२ लाख वर्षे. पृथ्वीच्या वयात अशी हजाराहून अधिक अर्धायुष्ये मावतात, त्यामुळे मूळचे टेक्नेशियम केव्हाच संपले.

मेंडेलेव्ह यांनी या मूलद्रव्यासाठी जागा रिकामी ठेवली होती. १९२५ मध्ये ‘मासुरियम’ या नावाने ते सापडल्याचा दावा झाला, पण त्याला दुजोरा मिळाला नाही. १९३७ मध्ये पालेर्मो येथे कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी ते ओळखले, तेही बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. नावाचा ग्रीक अर्थ ‘कृत्रिम’. १९५२ मध्ये मात्र पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात त्याच्या रेषा दिसल्या. एवढ्या जुन्या ताऱ्यात टेक्नेशियम आहे म्हणजे ते तिथे अलीकडेच तयार झाले असणार. ताऱ्यांत जड मूलद्रव्ये घडतात याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

रसायनात हे मूलद्रव्य मँगॅनीजपेक्षा खालच्या ऱ्हेनियमच्या जवळचे. पाण्यात, हवेच्या सान्निध्यात ते पर्टेक्नेटेट आयनाच्या रूपात, म्हणजे +७ या ऑक्सिडीकरण अवस्थेत राहते. परमँगॅनेट गडद जांभळे आणि जहाल ऑक्सिडीकारक, तर पर्टेक्नेटेट रंगहीन आणि बरेच सौम्य. क्षपण झाले, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळाले, की +४ अवस्थेतील न विरघळणारे डायऑक्साइड मिळते.

केंद्राचा क्षय आणि रसायन यांची गाठ सर्वांत छान पडते ती रुग्णालयातील जनित्रात, म्हणजे शरीराच्या आतील चित्रे घेण्यासाठी लागणारे टेक्नेशियम पुरवणाऱ्या उपकरणात. ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) छोट्या स्तंभावर मॉलिब्डेनम-९९ (अर्धायुष्य सुमारे ६६ तास) मॉलिब्डेटच्या रूपात धरून ठेवलेले असते. या आयनावर दोन ऋणभार असतात. क्षयानंतर बहुतेक अणूंपासून टेक्नेशियम-९९एम, म्हणजे टेक्नेशियम-९९ चे जादा ऊर्जा असलेले रूप, बनते. त्याच्या पर्टेक्नेटेटवर एकच ऋणभार, म्हणून त्याची पकड सैल. वरून मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम खाली उतरते, मॉलिब्डेनम जागीच राहते. या जनित्राला प्रयोगशाळेच्या बोलीत ‘गाय’ म्हणतात आणि या क्रियेला दोहणे. साधारण दिवसभरात कास पुन्हा भरते. एक गिगाबेकरेल (सेकंदाला एक अब्ज क्षय) टेक्नेशियम-९९एमचे वजन जेमतेम ५ नॅनोग्रॅम, तेव्हा पुढचे सगळे रसायन डोळ्यांना न दिसणाऱ्या मात्रेवर चालते. स्टॅनस क्लोराइडने त्याचे क्षपण करून ते हव्या त्या रेणूला जोडतात. कुपीत हवा शिरली तर क्षपण फसते. त्याचे १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण कॅमेऱ्याला सोयीचे, आणि ६ तासांचे अर्धायुष्य रुग्णाला.

अर्धायुष्यावर रासायनिक बंधांचा परिणाम होत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. टेक्नेशियम-९९एम त्याला छोटासा अपवाद आहे. त्याच्या क्षयाच्या पहिल्या पायरीत जेमतेम २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सुटते आणि ती बहुतांशी बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉनला मिळते. त्या इलेक्ट्रॉनांची मांडणी संयुगागणिक बदलते. पर्टेक्नेटेट आणि सल्फाइड यांच्या क्षयाच्या वेगात सुमारे ०.३ टक्के फरक १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजला गेला.

गॅमा किरण टाकून उरणारे टेक्नेशियम-९९ (अर्धायुष्य सुमारे २.१ लाख वर्षे) रुग्णाच्या बाबतीत नगण्य असते. अणुभट्टीत मात्र युरेनियम-२३५ च्या शंभर विखंडनांमागे सुमारे सहा अणू त्याचे निघतात, आणि कचरा साठवणाऱ्यांना इथे त्याचे रसायन नडते: पर्टेक्नेटेट मातीच्या कणांना फारसे चिकटत नाही, भूजलाबरोबर वाहत जाते. म्हणून साठवणीच्या जागी ऑक्सिजन पोहोचू न देता ते +४ अवस्थेत अडकवून ठेवण्याचा प्रयत्न असतो.