मुंबईत साडेपाचला सुरू झालेली मोजणी

गिरगावातल्या माझ्या काकूला दर रविवारी संध्याकाळी सातच्या ठोक्याला न्यू जर्सीहून मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सात वाजले, सव्वासात झाले, तरी फोन वाजेना. काकू कासावीस. शेवटी आठला फोन आला आणि तो म्हणाला, "अगं आई, नेहमीच्याच वेळेला लावलाय. साडेनऊला." दोघांचंही खरं होतं. त्याच रात्री तिकडची घड्याळं एक तास मागे गेली होती.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. युरोपचे दिवस वेगळे: मार्च आणि ऑक्टोबर, दोन्हींचा शेवटचा रविवार. आपण जागचे हलत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की बाकीचं जगच सरकतंय.

या गोंधळात आपल्या फोनमधले निरोप मात्र बरोबर क्रमाने लागतात. कारण फोन आत घड्याळाची वेळ ठेवतच नाही. तो सेकंद मोजतो. मोजणीची सुरुवात १ जानेवारी १९७०, जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री. तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजले होते. गंमत म्हणजे खुद्द लंडनच्या घड्याळात त्या क्षणी एक वाजला होता, कारण ब्रिटनने तेव्हा काही वर्षं बाराही महिने घड्याळं तासभर पुढेच ठेवली होती. या मोजणीत १७० कोटी सेकंद पुरे झाले तेव्हा मुंबईत १५ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटेचे ३ वाजून ४३ मिनिटं झाली होती. न्यू जर्सीत १४ तारखेची संध्याकाळ होती, ५ वाजून १३ मिनिटं. आकडा एकच, वाचणारा जिथे असेल तिथली वेळ त्याला दिसते.

नोव्हेंबरच्या त्या रात्री न्यू जर्सीत दीड दोनदा वाजतो. दोन वाजायच्या बेताला काटा पुन्हा एकवर येतो. कुणी पहिल्या १.५० ला प्रश्न विचारला आणि वीस मिनिटांनी, म्हणजे दुसऱ्या १.१० ला, त्याला उत्तर आलं, तर नुसत्या घड्याळावर विसंबणारा संगणक उत्तर आधी आणि प्रश्न नंतर लावेल. सेकंदांच्या मोजणीत ही चूक होऊच शकत नाही. मार्चमध्ये उलटा प्रकार, त्या रात्री अडीच वाजतच नाहीत.

पण हा उपाय घडून गेलेल्या गोष्टींसाठी. पुढच्या गोष्टी ठरवताना तोच अंगाशी येतो. काकूचा कॉल "इतक्या सेकंदांनी" असा ठरत नाही, तो "न्यू जर्सीतल्या साडेनऊला" असा ठरलेला असतो. म्हणून तिथे गावाची वेळ आणि गाव, दोन्ही लिहून ठेवावं लागतं. नियम सरकारं ठरवतात, आणि ती आयत्या वेळी बदलतातही. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनने घड्याळं पुढे करायचं दोन-तीन दिवस आधी लांबणीवर टाकलं. काहींनी ते मानलं, काहींनी नाही, आणि काही दिवस एका देशात दोन वेळा चालल्या.

हे सगळे नियम जगभरचे असंख्य संगणक एकाच सामायिक यादीतून घेतात, आणि ती यादी अशा प्रत्येक बदलानंतर सुधारतात. त्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो. त्यात भारताची नोंद "एशिया/कोलकाता" अशी आहे. मुंबई नाही, कारण १९७० पासून ज्यांची घड्याळं जुळतात त्यांची एकच नोंद, असा तिथला दंडक.

त्याआधीची मुंबई मात्र वेगळी होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी शहरात मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. मिर्झापूरजवळच्या रेखांशावर सूर्य माथ्यावर आला की मुंबईवर यायला तेवढाच उशीर लागतो.

काकूचा जन्म १९५० चा. आजोबांच्या वहीत वेळ आहे सकाळी ६.१०. संगणकात घातली तर तो निमूटपणे प्रमाणवेळ धरतो. पण आजोबांनी आकड्यापुढे बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय, "मुं. टा.", म्हणजे मुंबई टाइम. प्रमाणवेळेनुसार तेव्हा ६ वाजून ४९ मिनिटं झाली होती.