पालथं पडणाऱ्या बाळाची गाढ झोप

“पालथं घाला त्याला, बघा कसं शांत झोपतंय!” निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या घरांत बाळंतिणीला हा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं निरीक्षण चुकीचं नाही. पालथं झोपलेलं बाळ कमी दचकतं, कमी किरकिरतं, त्याला झोपही गाढ लागते. पण तान्ह्या बाळाला झोपेत अचानक दगावण्याचा धोका असतो तो याच गाढ झोपेत. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ आपणहून पालथं पडू लागलं की त्याला तसंच झोपू द्यावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो.

आपण आत घेतो त्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के असतो. बाहेर सोडतो त्या हवेत सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. मोकळ्यावर ती हवा लगेच पांगते. आता जुन्या लुगड्यांची, पदरावर पदर घालून शिवलेली वाकळ घ्या. पालथ्या बाळाचं नाक तिच्यात रुतलं की नाकाभोवती लहानसा खळगा होतो आणि सोडलेली हवा तिथंच साचते. पुढच्या श्वासाला तीच पुन्हा आत जाते. छाती वरखाली होत असते, लांबून सगळं ठीक दिसतं. पण दर श्वासागणिक आतला ऑक्सिजन घटत जातो.

रक्तात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल होतं आणि रक्ताचा सामू (pH) उतरतो, म्हणजे रक्त आम्लाकडं झुकतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतल्या पेशी हा बदल ओळखतात. मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळच्या पेशी ऑक्सिजनची घट टिपतात. मग ठरलेली साखळी सुरू होते: आधी श्वास खोल होतो, मग एक मोठा उसासा येतो, मग बाळ दचकतं, मान वळवतं, जागं होऊन रडतं. या जागं होण्यात सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन वापरणाऱ्या मेंदूतल्या चेतापेशींचा मोठा वाटा असतो. अचानक दगावलेल्या बऱ्याच बाळांच्या मेंदूत याच पेशींची रचना बिघडलेली आढळली. बोस्टनच्या संशोधक डॉक्टर हॅना किनी यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. १९९४ मध्ये फिलियानो हे संशोधक आणि किनी यांनी मिळून मांडलं, की मुळातच नाजूक बाळ, वाढीचा अडनिडा काळ आणि बाहेरचा ताण हे तिन्ही एकत्र आले की घात होतो. पहिले दोन आपल्या हातात नाहीत. तिसरा आहे.

पालथ्या झोपेत ही जागं होण्याची साखळीच मंदावते. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात तर असं दिसलं, की एरवी उताणं झोपणारं बाळ नव्यानं पालथं झोपलं तर धोका आणखी वाढतो. ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला ‘उताणं झोपवा’ ही मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

“उताणं ठेवलं तर दूध श्वासात जाईल” ही भीती आजीला वाटणं स्वाभाविक आहे. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटून आलेलं दूध खालीच राहतं, बाळ ते गिळतं. पालथ्या बाळात श्वासनलिका खाली येते आणि दूध तिकडं ओघळणं उलट सोपं होतं.

बाळ झोपेत दगावलं की ‘सटवाईनं नेलं’ म्हणणारी माणसं आजही भेटतात. तेवढं म्हटलं की अंथरुणाकडं कुणी बघत नाही, आणि बघायचं असतं ते तिथंच. बाळाच्या पायमोज्यात बसवलेले, नाडी आणि ऑक्सिजन मोजणारे महागडे मॉनिटर आणि ‘सुरक्षित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उशांचंही तेच. त्यांनी हे मृत्यू टळतात असं सिद्ध झालेलं नाही.

म्हणून वर्षाचं होईपर्यंत झोपवताना बाळाला उताणंच ठेवायचं. दोन्हीकडं सहज वळू लागल्यावर ते झोपेत आपणहून पालथं झालं तर उठून परतवत बसू नका. मात्र अंथरूण सपाट, घट्ट आणि मोकळं हवं. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवलेली मोहरीची उशी, लोड, जाड वाकळ बाजूला काढा. बेळगावची डिसेंबरातली थंडी बोचरी असते हे खरं; त्यासाठी अंगात एखादा कपडा जास्त घाला. झोपताना कुंची, टोपरं नको, कारण बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. खोलीत विडी-सिगारेट अजिबात नको. आईनं त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर झोपावं. जागेपणी मात्र डोळ्यांदेखत रोज थोडा वेळ पालथं घाला, मान आणि खांदे त्यानंच बळकट होतात.

आणि कुशीवर वळायची पहिली धडपड दिसली त्याच दिवशी दुपट्यात घट्ट गुंडाळणं थांबवा. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला तोंड वर उचलायला आधारच उरत नाही. साडीच्या झोळीचंही तसंच: तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते, आणि वळणाऱ्या बाळाच्या तोंडावर कापड दोन्हीकडून मिटतं. गळ्यातला काळा दोरा, वेखंडाची माळ रात्री काढून ठेवा.